हसू तेवढं कापून घे

"बाहेर कशाला शोधायचं? आपल्याकडे आहे की!" मॅडम म्हणाल्या आणि हातातल्या पेनाचं टोक माझ्याकडे केलं. "हिचा आवाज घ्या. डोळे मिटून ऐका. अर्धी कॉमेडी तिथंच झाली."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. मॅडमच्या शेजारी बसणारे सर खुर्चीत मागे रेलून हसले. सर म्हणजे जाहिरातींच्या धंद्यात आयुष्य घालवून आता समाजसेवेला लागलेले गृहस्थ. त्यांनी खरंच डोळे मिटले. "बोल ना काहीतरी," म्हणाले. "हॅलो म्हण."

मी लॅपटॉपची वायर प्रोजेक्टरला लावत होते, ती लावली. वायर एकदा चुकीच्या भोकात गेली. मग बरोबर गेली. हसणं तोवर चालूच होतं.

माझा आवाज जाड आहे. पुरुषी म्हणतात त्याला लोक. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई सांगायच्या, "तू नुसते ओठ हलव." गॅससाठी फोन केला की पलीकडून "हां दादा, बोला". बँकेतली पोरगी म्हणते, "खातं मॅडमचं आहे, मॅडमना फोन द्या." मी म्हणते, मॅडमच बोलतेय. मग ती पुन्हा जन्मतारीख विचारते. या सगळ्याची मला सवय आहे. गॅसवाल्याचा मला राग येत नाही. तो बिचारा चुकतो, मग "सॉरी ताई" म्हणतो आणि सिलिंडर पाठवतो. मॅडम चुकल्या नव्हत्या. त्यांना ठाऊक होतं मी कोण, कुठे बसलेय आणि मला ऐकू येतंय.

हे सगळं घडलं एका कम्युनिटी रेडिओ स्टेशनवर. गोरेगावात एका शिक्षणसंस्थेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ते आहे. दिंडोशीपासून जोगेश्वरीपर्यंत ऐकू येतं, त्यापुढे खरखर. कम्युनिटी म्हणजे आम्ही. आमच्या नावावर लायसन्स मिळतं, आमच्या नावावर देणग्या येतात, आणि स्टुडिओत आम्ही चपला बाहेर काढून जातो. स्टेशनच्या प्रमुख असलेल्या मॅडम सँडल घालून जातात. त्या जुहूला राहतात. त्यांना दिंडोशी माहीत आहे ती कोर्टामुळे. त्यांच्या कुठल्याशा बंगल्याची केस तिथे चालू आहे.

मी दिंडोशीची. आजोबा गिरणीत होते, वडील एका टॉवरच्या गेटवर बसले आणि तिथेच म्हातारे झाले, आई डबे करते. आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी. मास मीडियाची. पदवीचा कागद आईने देवघराच्या बाजूला लावलाय, त्याला अगरबत्तीचा धूर लागून तो पिवळा पडला. स्टेशनवर मला प्रोड्युसर म्हणून घेतलं. स्क्रिप्ट मी लिहायची, रेकॉर्डिंग मी करायचं, कापाकापी, म्हणजे एडिटिंग, मी करायची. बोलायचं मात्र नाही. "श्रोत्यांचा गोंधळ उडतो गं," मॅडम पहिल्याच आठवड्यात प्रेमाने म्हणाल्या होत्या. म्हणून माझी वाक्यं पार्ल्याची एक मुलगी गोड आवाजात वाचते. माझी वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकत मी काचेच्या अलीकडे बसते.

आणि आता त्यांना माझा आवाज हवा होता. कॉमेडीसाठी.

झालं असं, की देणगी देणाऱ्या एका कंपनीला 'समावेशक' काहीतरी हवं होतं. प्राइडचा महिना, म्हणजे जून, जवळ आला होता. मॅडमनी ठरवलं, एलजीबीटी कॉमेडी. अर्धा तास, शनिवारी संध्याकाळी. "पण फॅमिली-फ्रेंडली हं," त्या म्हणाल्या. "आजी आणि नातू एकत्र बसून ऐकतील असं. तू शोध. तुझ्या आवाजाचा विचार आपण नंतर करू."

म्हणजे तो विनोद होता. आणि विचारही होता. त्या वर्गातल्या माणसांची हीच गंमत असते. अपमान करतात आणि दुसऱ्या खिशात प्रस्ताव ठेवतात.

त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं, की ज्या चार अक्षरांचा कार्यक्रम ते करायला निघालेत त्यातलं पहिलं अक्षर प्रोजेक्टरची वायर लावतंय. रेश्मा आणि मी पाच वर्षं एकत्र आहोत. ती घाटकोपरची, एका लॅबमध्ये रक्त तपासते. माझ्या घरी ठाऊक आहे, तिच्या घरी ठाऊक आहे. मॅडमना कशाला सांगू? त्यांनी कधी मला जेवलीस का, हेसुद्धा विचारलेलं नाही.

मी शोधायला लागले. काम आहे, करायचं. कानाला हेडफोन लावून किती काय काय ऐकलं. साडी नेसलेला पुरुष. टाळी. कमरेवर हात. लाडिक आवाजात "अगं बाई". मागून ढोलकी आणि पोटभर हसणारे लोक. नवरा घरी येतो तर बायकोच्या जागी पुरुष, हसा. मुलगा मुलगी बघायला जातो तर मुलगी पुरुषासारखी, हसा. आणि या सगळ्यावर काय लिहिलेलं? 'संपूर्ण कुटुंबासाठी'. वा. आमची टिंगल संपूर्ण कुटुंबासाठी असते. आम्ही तेवढे कुटुंबासाठी नसतो.

दुसऱ्या टोकाला बांद्र्याच्या क्लबातली इंग्रजी पोरं. आमच्यातलीच, खरी. हुशार. पण त्यातल्या शिव्या काढल्या की उरायचं फक्त "गुड इव्हिनिंग".

शेवटी एका मैत्रिणीने मालाडच्या एका कलाकार ताईंचा नंबर दिला. तृतीयपंथी आहेत, वस्त्यांमध्ये, बचत गटांसमोर विनोदी किस्से सांगतात. मी फोन केला. पहिलं वाक्य, "बोल रे भाऊ."

"भाऊ नाही, मुलगी आहे," मी म्हटलं.

"अरे वा! मलाही फोनवर सगळे भाऊच म्हणतात," त्या म्हणाल्या आणि आम्ही दोघी फोनवर हसत सुटलो. काय कॉमेडी हवी ते मी सांगितलं. फॅमिली-फ्रेंडली.

"बाळा, फॅमिलीने मला हाकललं. मी अजून दर दिवाळीला त्यांना फोन करते. आणखी किती फ्रेंडली होऊ?"

मी त्यांचं थोडं रेकॉर्डिंग मागवलं. एक शिवी नाही. मॅडमना ऐकवलं. मॅडमनी मान हलवली. "क्लीन आहे, मान्य. पण आवाजावरून लोकांना कळेल ना, त्या कोण आहेत ते."

"एलजीबीटीचा कार्यक्रम आहे, मॅडम."

"हो गं. पण फॅमिली-फ्रेंडली."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना काही खटकलंच नव्हतं. गाडीचा ड्रायव्हर खाली थांबलाय का, एवढंच बघत होत्या.

ही फॅमिली कोण, हे मला कळेना. त्यांच्या डोक्यात एक फॅमिली आहे. सोफ्यावर बसलेली, हळू आवाजात बोलणारी, फळं कापून खाणारी. तिला धक्का लागता कामा नये. आमची फॅमिली एका खोलीत वाढली. पुनर्विकास होऊन इमारत झाली तरी खोली एकच राहिली, फक्त वर गेली. तिच्यात बाळंतपणाच्या गोष्टी ऐकल्या, भांडणं ऐकली, काकाचं दारू पिऊन रडणं ऐकलं, आजीचा शेवटचा श्वास ऐकला. आजी आणि नातू एकत्र बसूनच. दार लावायला दुसरी खोली होती कुठे? आमच्याइतकी फॅमिली या लोकांनी जन्मात बघितलेली नाही, आणि ते आम्हाला शिकवणार फॅमिलीला काय चालतं.

आई डब्यांच्या पोळ्या लाटत होती. मी बाजूला हेडफोन लावून. "काय ऐकतंस गो सारखा? तोंड बघ कसा झाला तुझा." आई मालवणची. बाहेर शुद्ध बोलायला जाते, पण मध्येच मालवणी सटकते. घरात तर सगळी मालवणीच.

मी सांगितलं. मुली-मुलींचा, मुलग्या-मुलग्यांचा विनोद शोधतेय, घरात सगळ्यांना ऐकता येईल असा. मिळत नाही.

आई लाटणं थांबवून म्हणाली, "मगे माझ्या नारळाचा सांग."

नारळाची गोष्ट अशी. रेश्मा दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायची. ती मूळची देशावरची, माशातले काटे काढता येत नाहीत, म्हणून आई तिच्या ताटातल्या बांगड्याचे काटे स्वतः काढून द्यायची. आईला मुलगी इतकी आवडली, की तिने माझ्या भावासाठी तिला मागायचं ठरवलं. भावाला विचारलं नाही. मला विचारलं नाही. एक दिवस ठेवणीतली साडी नेसून, नारळ आणि साखर घेऊन, एकटी घाटकोपरला रेश्माच्या घरी जाऊन उभी राहिली.

मी आईसमोर रेकॉर्डर ठेवला. तिच्या मालवणीत चेडू म्हणजे मुलगी, झील म्हणजे मुलगा आणि आवस म्हणजे आई. तिने सांगितलं ते असं:

"मी म्हटलंय, तुमचा चेडू माझ्या झिलाक करूया. तिची आवस माझ्याकडे बघीतच रवली. म्हणता कशी, 'अहो, ती केव्हाच तुमच्या घरची झालीय.' माका वाटला, झिलान परस्पर जमवल्यान! माका आनंदच झालो. मगे ती हळूच म्हणता, 'तुमच्या मुलाची नाही हो. मुलीची.' मी गप. ती गप. पंखो तेवढो फिरता. मी नारळ उचललंय, पिशवेत घातलंय. दारापर्यंत गेलंय. मगे इचार केलंय, हाडलेलो नारळ परत कसो न्हेऊचो? आमच्यात न्हेनत नाय. परत फिरलंय. तिच्या हातात दिलंय. म्हटलंय, कोणाचो काय ता मागाहून बघू, नारळ तेवढो घेवा."

एवढंच. घरी आल्यावर ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही, हेही खरं. तेही तिने टेपवर सांगितलं. आठवड्याने पहिलं वाक्य काय बोलली? "रविवारी येतली मा ती? बांगडे सांगून ठेवलंय."

मी म्हटलं, "आई, हे बिल्डिंगमध्ये ऐकवावं लागेल. सगळ्यांना कळेल."

"कळांदे," आई म्हणाली. "आवाज माझो, नारळ माझो. तू बटण दाब."

बिल्डिंगमध्ये ऐकवायचं कारण, स्टेशनचा एक नियम आहे. त्या जागेत चांगली म्हणावी अशी ती एकच गोष्ट. कार्यक्रम हवेत सोडण्याआधी वस्तीत न्यायचा, बायकांना बसवून स्पीकरवर ऐकवायचा. त्या कुठे हसतात, कुठे कुजबुजतात, कुठे उठून जातात, ते सगळं रेकॉर्ड करून परत आणायचं. श्रोता बैठक म्हणतात त्याला. आमच्या बिल्डिंगच्या सोसायटी ऑफिसात दर महिन्याला होते. मॅडम एकदाही आलेल्या नाहीत. अहवालात मात्र त्यांचा फोटो असतो.

त्या दिवशी स्पीकर मीच लावला. याच बायकांनी मला अंगाखांद्यावर खेळवलं. त्यांच्यासमोर आईचा आवाज स्पीकरवरून बोलत होता आणि आई स्वतः भिंतीला टेकून, पदर तोंडात धरून बसली होती. "मुलीची" हा शब्द आला. पहिल्या रांगेतली एक बाई उठली आणि बाहेर गेली. खुर्ची सरकल्याचा आवाज टेपवर आहे. मी तो कापला नाही.

मग तावडे काकी बोलल्या. सगळ्यात वयस्क, सगळ्यात कडक. त्यांच्यासमोर मी अजून शिट्टी वाजवत नाही. त्या टेप चालू असतानाच म्हणाल्या, "आमच्या गावाक असला काय नव्हता." टेप पुढे गेली. नारळ पिशवीत गेला, नारळ बाहेर आला, टेप संपली. तावडे काकी आईकडे वळल्या. "मगे त्या नारळाचा काय झाला?"

"तिच्या आवशीन थयच फोडल्यान," आई म्हणाली. "जेवूनच इलंय."

"म्हणजे तू जेवलंस," तावडे काकी म्हणाल्या. "आणि लग्नाचा जेवाण बुडला ता आमचा!"

आणि बायका फुटल्या. असं हसू मी त्या ऑफिसात ऐकलेलं नव्हतं. एकमेकींच्या पाठीवर थापा. कुणाला ठसका लागला. आणि त्यात आईचं. आई हसते तेव्हा आधी आवाज येतच नाही, नुसते खांदे हलतात, आणि मग श्वास आत ओढताना एकदम सुटतो. त्या हसण्यात आईचा आठवडाभराचा अबोला होता, माझी पाच वर्षं होती. मी रेकॉर्डर हातात धरून उभी होते आणि मीही हसत होते. माझ्या जाड आवाजात. मोठ्याने.

ते सगळं घेऊन मी स्टेशनवर गेले. सापडलं होतं. शिवी नाही, टिंगल नाही, आजीच्या वयाच्या काकी आहेत, फॅमिली तर ओतप्रोत. मॅडमनी आणि सरांनी ऐकलं. मॅडमनी छातीवर हात ठेवला. त्यांचे डोळे पाणावले. मला वाटलं, हसतील. त्या रडायला लागल्या.

"म्हणजे तू...? किती धीराची आहेस गं. आणि तुझी आई! अशिक्षित असून!"

आई सातवी शिकली आहे. मी तसं म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

"पण बघ," त्या डोळे टिपत म्हणाल्या, "हे खूप रॉ आहे. ही कॉमेडी नाही ना. हे आपण डिसेंबरमध्ये घेऊ, मानवी हक्कांच्या आठवड्यात. थोडं म्युझिक टाकून. कॉमेडी सरांनी बघितलीय."

आम्ही त्यांना दोनच मापांत बसतो. एक तर हसायला, नाही तर रडायला. आम्ही स्वतःच हसतोय, हे त्यांच्या मापात कुठे नाही.

सरांनी बघितलेली कॉमेडी म्हणजे त्यांच्या मित्राचा मुलगा, विराज. अंधेरी पश्चिमेच्या टॉवरमधला. शूटिंगसाठी भाड्याने दिलेला मढचा एक बंगलाही त्यांचाच. तो खोलीत आला, सगळ्यांना मिठ्या मारल्या, आणि मध्यभागी उभा राहून स्किट करून दाखवायला लागला. एक बाई. आवाज पुरुषाचा. गॅससाठी फोन करते. गॅसवाला म्हणतो, "हां दादा." बाई लाजते, चिडते, नाक मुरडते. शेवटी गॅसवाला तिच्या प्रेमात पडतो आणि घरी येऊन बघतो तर किंचाळून पळतो. बाई मालवणी बोलते. मालवणी नव्हे, मालवणीसारखं काहीतरी. प्रत्येक शब्दाला ओकार लावायचा आणि मान हलवायची.

गॅसवाल्याची गोष्ट माझी होती. चहा पिताना ऑफिसात कधीतरी सांगितलेली. तिथून निघून, टॉवरमध्ये जाऊन, विराजच्या तोंडात बसून ती परत माझ्यासमोर आली होती. विराजला मी माहीतसुद्धा नव्हते. त्याने मला पाणी आणायला सांगितलं.

सगळे हसत होते. विराज डोळे गरगर फिरवत होता, पोट पुढे काढत होता. सर डोळे पुसत म्हणाले, "झकास! फक्त रेडिओवर जरा ड्राय वाटेल. हिने त्या बायकांचं हसू आणलंय ना, ते खाली टाकू."

"येस!" मॅडम म्हणाल्या. "किती ऑथेंटिक आहे ते. तू असं कर, गोष्ट ठेव बाजूला. हसू तेवढं कापून घे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आई हसली होती नारळावर, स्वतःवर, आमच्यावर. ते हसू कापून विराजच्या त्या बाईखाली लावायचं. त्या बाईखाली, जी मी आहे. शनिवारी संध्याकाळी सगळ्या दिंडोशीने ऐकायचं, की एक जाड आवाजाची बाई किंचाळते आणि तिला माझी आई हसते.

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे?"

"ते हसू त्या गोष्टीचं आहे. ह्याचं नाही. मी कापणार नाही."

"अगं, चाळीस सेकंदांचं हसू. कोण ओळखणार आहे कुणाचं ते?"

"मी ओळखते. माझी आई आहे त्यात."

मॅडमचा चेहरा उजळला. "सो स्वीट! मग तिला तर आवडेलच. रेडिओवर आईचं हसू!"

इथे माझा राग गेला. खरंच गेला. रागवायला समोर माणूस लागतं, ज्याला काही कळू शकतं. समोर नुसती रिकामी श्रीमंती बसली होती, अत्तर लावून. एवढी वर्षं मी या बाईला घाबरत होते? हिच्या "छान" साठी मी रात्री जागून स्क्रिप्ट लिहीत होते?

मी विराजला म्हटलं, "आत ये. माइकवर कर. रेकॉर्ड करू."

तो आत गेला, हेडफोन लावले, पुन्हा सगळं केलं. डोळे फिरवले, पोट काढलं. मी रेकॉर्ड केलं. मग काचेच्या अलीकडे सगळ्यांना बसवलं आणि मोठ्या स्पीकरवर लावलं. नुसता आवाज. डोळे नाहीत, पोट नाही. चार मिनिटं एक सुखवस्तू पोरगा घसा खरवडत होता. कुणी हसलं नाही. सरांनी घड्याळ बघितलं. मॅडमनी पदर सारखा केला. विराज एकदा स्वतःच हसला आणि थांबला.

"म्हणूनच तर हसू हवंय," सर म्हणाले.

"म्हणूनच मिळणार नाही," मी म्हटलं. "ह्याला स्वतःचं हसू मिळवता येत नसेल तर हा विनोदी नाही. आमच्या बायका ह्याच्या नोकरीला नाहीत."

"टोन बघ तुझा," मॅडम म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातली साय निघाली. "आम्ही तुला संधी दिली. दुसरं कुणीही हे कापून देईल."

"देईल की. पण त्या बायकांनी हसताना माझ्याकडे बघितलं होतं. मी त्यांना जाऊन सांगणार, तुमचं हसू कुठे लावतायत ते. आजच."

"ही धमकी आहे का?"

"माहिती आहे. श्रोत्यांना माहिती द्यायची, हेच काम आहे ना आपलं?"

त्या शनिवारी स्किट लागलं. खाली इंटरनेटवरून घेतलेलं हसू. कुठल्या तरी परदेशी हॉलमधले लोक, मध्येच शिट्ट्या मारणारे. दिंडोशीच्या गॅसवाल्यावर गोऱ्या लोकांच्या शिट्ट्या. त्यांना तेही चाललं. आमचं हसू नाही तर कुणाचंही, पण आमच्यावर.

मला कापाकापीच्या मशीनवरून काढलं. पहाटेच्या भक्तिगीतांना बसवलं, जिथे एकदा यादी लावली की माणूस लागत नाही. त्यांना वाटलं, कंटाळून राजीनामा देईन. मी दिला नाही. पदवी मी घेतलीय ती यांच्या सोयीने निघून जायला नाही. रोज जाते. चपला घालून आत जाते.

आणि मी बिल्डिंगमध्ये सांगितलं. सगळं. विराजची बाई, आईचं हसू, कापून घे. सोसायटी ऑफिसात, सगळ्यांसमोर. जी उठून गेली होती तीसुद्धा दाराशी उभी राहून ऐकत होती. आई पदराची कड बोटाला गुंडाळत बसली. तावडे काकींनी ऑफिसच्या किल्ल्या मागून घेतल्या आणि कमरेला खोचल्या.

पुढच्या महिन्यात स्टेशनने नवीन मुलाला रेकॉर्डर देऊन बैठकीला पाठवलं. ऑफिसला कुलूप. त्याने बेल वाजवल्या, बायका दारात आल्या. कुणी त्याला पाणी दिलं, कुणी लाडू दिला. स्पीकर लावू दिला नाही. बाजूच्या दोन बिल्डिंगांतही तेच. बैठक झाली नाही तर अहवाल नाही, अहवाल नाही तर कंपनीला दाखवायला कम्युनिटी नाही.

मॅडमचा मला फोन आला. नेहमीसारखा गोड. "अगं, तुझ्या त्या बायका कशावरून रुसल्यात? जरा समजाव ना त्यांना. तुझं ऐकतात त्या."

"समजावलंय," मी म्हटलं. "म्हणूनच कुलूप आहे."

गोडवा संपला. मग, "काय हवंय तुला?"

मी सांगितलं. हळू नाही, गोड नाही, माझ्या आहे त्या आवाजात. आईची गोष्ट पूर्ण लागेल. मालवणीतच. शनिवारी संध्याकाळी, कॉमेडी म्हणून. डिसेंबरमध्ये नाही, म्युझिक टाकून नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज राहील. मालाडच्या ताईंचे किस्से त्याच्या पुढच्या शनिवारी. आणि सुरुवातीला माइकवर मी बोलेन. माझं नाव सांगेन, रेश्माचं नाव सांगेन, ती माझी कोण ते सांगेन. श्रोत्यांचा गोंधळ उडाला तर उडू दे, ते आमचे आम्ही बघू.

"हे जरा जास्त होतंय, नाही?" मॅडम म्हणाल्या. "आपण मधला मार्ग काढू."

"मधला मार्ग नाही. हे सगळं लागेल, नाही तर काहीच नाही. तोपर्यंत आमच्या बिल्डिंगमधून तुमच्या रेडिओला हसू काय, साधा खोकलासुद्धा मिळणार नाही."

आणि मी फोन ठेवला.